म्हशीला घड्याळ नसतं

मगदूम सर आमच्या दूधकट्ट्यावर आले की आधी सगळ्यांना एकदम बोलायला लावायचे. दुसरा कुठलाही मास्तर म्हणतो, एकेकानं बोला. ह्यांचं उलटं. सकाळी दुधाला आलेली माणसं भांडी घेऊन उभी असायची, मी म्हशीखाली धार काढायला बसलेली असायची, शेजारचा सर्जेराव त्याच्या म्हशीला पेंड घालत असायचा, आणि सर मधोमध येऊन म्हणायचे, "हां, आता समद्यांनी एकदम बोला. काय बी बोला, पर थांबू नका." मग ते डोळे मिटून उभे राहायचे. कोण गुळाचा भाव सांगायचा, कोण पोराच्या परीक्षेचं, कोण मुद्दाम आरती म्हणायचा. थोड्या वेळानं सर डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "आज मी कुंभाराच्या म्हातारीचं तेवढं ऐकलं. सून माहेरला गेल्या आणि जाताना मिक्सर घिऊन गेल्या." म्हातारी चिडायची. तिनं ते हळूच शेजारणीला सांगितलेलं असायचं.

लोकांना त्यात मजा वाटायची, मला वैताग यायचा. गोंगाट झाला की म्हैस बिथरते, दूध वर चढवते. मी बोलणारी बाई नव्हे. म्हशीच्या पोटाला डोकं लावून मनातल्या मनात म्हणायची, आज ह्यांना लवकर घरी जाऊ दे. सर्जेराव माझ्यासारखा नव्हता. तो म्हणायचा, "सर, कॉलेजात बी असाच बाजार भरवत होता व्हय?"

"तोच माझा विषय होता," सर म्हणायचे. "बाजार भरू द्यायचा, आणि त्यातनं आपल्या माणसाचं तेवढं ऐकायचं."

सर मूळचे जयसिंगपूरकडचे. बाहेरगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. मोबाइलवर हजार माणसं एका वेळी बोलतात, त्यांचं बोलणं एकमेकांत कालवत कसं नाही, ते शिकवायचे. रिटायर झाल्यावर ते आणि काकू शाहूपुरीच्या मागच्या बाजूला, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या घरात राहायला आले. स्वच्छ पांढरा शर्ट, बारीक अंग, हातात झाकणाची स्टीलची लोटी. ते वयानं माझ्या वडलांएवढे, पण मला अक्का म्हणायचे.

त्यांच्या घरी जैनांचे नियम कडक. त्यांतला एक असा की काढलेलं दूध दोन घडीच्या, म्हणजे पाऊण तासाच्या आत तापवायचं. मी सगळ्यांच्या आधी त्यांची लोटी भरून द्यायची. सर ती हातात घेऊन बोलत उभे राहायचे. हा थांबला की तो, तो गेला की रस्त्यानं जाणारा कोणी. शेवटी कोपऱ्यावरून काकूंचा आवाज यायचा, "दोन घडी हून गेल्या. ते दूध आता मांजराला घाला आणि दुसरं घिऊन या." मग सर परत माझ्यापुढे. तोवर म्हैस आटपलेली असायची. आमच्या गल्लीतली मांजरं त्या काळात फार गुबगुबीत होती.

त्यांच्या कपाटात एक जुना फोन होता. तो काढून दाखवायचे. त्या जातीचे फोन आता बंद झाले, त्यांचे टॉवरही काढले. काकू म्हणायच्या, टाकून द्या. सर तो रुमालानं पुसून परत ठेवायचे. "हितलं बंद झालं म्हणून काय झालं," ते म्हणायचे. "वर उपग्रह फिरतात, ते अजून असंच बोलतात. समदे एकदम, एकाच पट्टीत. आणि इतकं बारीक, की हितं येईस्तोवर गोंगाटाच्या बी खाली दबलेलं असतंय. तरी तुमच्या मोबाइलातला नकाशा ते उचलतो. कसा?"

मी म्हणायची, "मला काय ठावं."

"खूण हाय त्याच्यापाशी. ओरडून काय होत न्हाय अक्का, खूण पायजे."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही म्हणेन.

एकदा दूध द्यायला गेले तर मला स्वयंपाकघरात बसवलं. "दोन मिंटं," म्हणाले. काकूंनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. सरांनी एक ताट घेतलं आणि त्यात दोन शेंगदाणे आणि दोन फुटाणे ओळीनं मांडले. "ही तुमची खूण. शेंगदाणा, शेंगदाणा, फुटाणा, फुटाणा." त्याच्याखाली दुसरी ओळ. "ही काकूची. शेंगदाणा, फुटाणा, फुटाणा, शेंगदाणा. आता तुमी दोघी एकदम बोलला. वाऱ्यात समदी कालवाकालव. बरोबर? फोन काय करतो, तुमची खूण हातात घेतो आणि येईल ते एकेक ताडून बघतो. जुळलं की हिकडं टाकतो, न्हाई जुळलं की तिकडं. तुमचं बोलणं असंल तर समदं हिकडं पडणार. आता काकूचं ताडून बघा."

मी बघितलं. पहिला जुळत होता, दुसरा नाही, तिसरा जुळत होता, चौथा नाही.

"निम्मं हिकडं, निम्मं तिकडं," सर म्हणाले. "निम्म्यानं निम्मं खाल्लं. ऱ्हायलं काय?"

"काय न्हाय."

"हां. काकू बोलल्या, पर तुमच्या फोनापुरत्या त्या हवेत गेल्या. काकूच्या फोनाला तुमी हवेत गेला. दोघींनी एकमेकीला गप बसवलं न्हाई, आणि काम झालं."

काकू चुलीकडून म्हणाल्या, "मी खरंच हवेत गेले असते तर हे शेंगदाणे भाजायला कोण ऱ्हायलं असतं?"

सरांनी दोन्ही खुणा खाऊन टाकल्या. मी घरी आले तेव्हा गोठ्यात शेण तसंच पडलेलं, वैरण कापायची राहिलेली. दाण्यांचं ते मला समजलं होतं, पण समजून मला काय करायचं होतं?

त्याच साली आमच्या मालकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. बोलले तर कापडावर कापड घासल्यासारखं ऐकू यायचं. आधी त्यांचा आवाज कसा होता हे आमच्या गल्लीतल्या कुणालाही विचारा. मोठ्या रस्त्यावरून हाक मारली की गोठ्यातली सगुणी दावं ताणायची. सगुणी आमची पहिली म्हैस. तिला कधी दोरीनं ओढून न्यावं लागलं नाही. मालक पुढे, ती मागे, मधून रिक्षा जावोत की ट्रक. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून पळवतात. मालक फटफटीवरून हाक मारत पुढे निघायचे, पुढच्या मागच्या म्हशी कशाही उधळोत, सगुणी त्यांच्या चाकामागून हलायची नाही.

आवाज गेल्यावर ती मालकांना ओळखेनाशी झाली. म्हणजे समोर दिसले तर ओळखायची, पण रस्त्यात पाठ फिरवून चालू लागले की उभी राहायची. भलत्याच्याच मागे निघायची. धारेला बसले की पान्हा चोरायची, कारण धारेच्या वेळीही मालक दारातून दोन हाका द्यायचे, ती सवय तिला लागलेली. मालकांनी कट्ट्यावर येणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. हातकणंगल्याचा एक व्यापारी दोनदा सगुणीला बघून गेला. दुसऱ्या वेळी मालकांनी मान हलवली. पाडव्यापर्यंत ताळ्यावर आली तर ठीक, नाही तर घेऊन जा. ती गेल्यावर हा माणूस उठून बसायचा नाही, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात सर आले. सगुणी दूध देत नाही म्हणून त्यांना लोटीत दुसऱ्या म्हशीचं दूध मिळत होतं, त्याची चौकशी करायला आले होते. मी सांगितलं. सर तडक आत गेले, मालकांच्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "दत्तूभाऊ, एक हाक मारा बघू."

मला संताप आला. पांगळ्याला पळ म्हणावं तसं. मालकांनी तोंड फिरवलं. पण सर ऐकतील तर ना. त्यांनी आपला कान मालकांच्या तोंडाजवळ नेला. "मी मोठा आवाज मागत न्हाय. हाय तेवढा मारा. सगुणीला मारत होता तीच."

मग मालकांनी मारली. मला काही ऐकू आलं नाही, छाती हललेली तेवढी दिसली. सर डोळे मिटून ऐकत होते.

"दोन लांब, दोन तोकडे," ते म्हणाले. "होऽ, होऽ, ये, ये. आवाज गेलाय, चाल हाय की अजून."

मालक घासत म्हणाले, "म्हशीला कॉलेजात घालताय व्हय?"

"घालतोय. फी दुधात घेणार."

त्यांनी माझी किटली मागवली. पळीनं तिच्या पोटावर ठोकलं, ठाक. काठावर ठोकलं, टिक. "होऽ ला ठाक, ये ला टिक. ठाक ठाक टिक टिक. अक्का, धार काढायच्या आधी हे वाजवायचं आणि पेंड पुढं करायची. मोठ्यानं न्हाई. जवळच्यानं हळू बोलावं. आणि ही खूण कुणाला सांगायची न्हाय."

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. उजाडायला सर हजर. मी किटली वाजवायची आणि सर चुका काढायचे. "तिसरा ठोका घाईत पडला. अक्का, तुमचा पदर किटलीला लागतोय, ठाक बद्द येतोय. आज तुमी रागानं वाजवलं." रागानंच वाजवत होते. कट्ट्यावरची माणसं हसायची, कोणी म्हणायचं, वहिनी भजनी मंडळात जाणार. मला जमिनीत जावंसं वाटायचं. चारचौघांत मी नाव विचारलं तरी खाली बघून सांगते, आणि ह्या माणसानं मला रस्त्यावर वाजंत्री करून बसवलं होतं.

एका सकाळी मी वाजवलं, पेंड द्यायची विसरले, तरी सगुणीनं मान वळवली आणि पान्हा सोडला. किटलीत पहिली धार वाजली तेव्हा मालक दारात उभे होते. सर त्या दिवशी लोटी घेऊन वेळेत घरी गेले. गल्लीतल्या मांजरांची तेवढी निराशा झाली.

मग सर्जेरावाला हेवा वाटला. त्याची म्हैस पाडव्याला नेहमी भलतीकडे पळायची. तो सरांच्या मागे लागला, "आमाला बी द्या की एक खूण. का वहिनीचीच शिकवणी घेता?" सरांना शिकायला येणाऱ्याला नाही म्हणता येत नव्हतं. त्यांनी त्याला दिली. ठाक टिक टिक ठाक. मला आनंदानं सांगायला आले. "तुमच्या खुणेशी ताडून बघा अक्का. निम्मं जुळतंय, निम्मं न्हाई. शून्य. तो वाजवू दे, तुमी वाजवा, काय बिघडत न्हाय." ताटातली काकूंची ओळ मला आठवली. तीच होती.

पाडवा तोंडावर आला होता. सकाळची वेळ, कट्टा भरलेला. हातकणंगल्याचा व्यापारी आलेला, सगुणी सुधारली म्हणतात ते खरं का बघायला. मी धारेला बसलेली, किटली अर्धी झालेली. पलीकडे सर्जेराव त्याच्या बादलीवर वाजवायला लागला. त्याचं काम सगळं दांडगं. थांबायचं नाव नाही, एकामागून एक, ठाक टिक टिक ठाक, ठाक टिक टिक ठाक. सगुणीचे कान हलले. मी काही समजायच्या आत तिनं पाय झाडला, किटली आडवी झाली, आणि ती सर्जेरावाच्या दावणीला जाऊन त्याच्या बादलीत तोंड घालून उभी राहिली.

दूध गटारीकडे चाललं होतं. व्यापारी हसला. म्हणाला, "ही तर कुणाच्या बी मागनं जाती की." मालकांनी ते दारातून ऐकलं आणि आत गेले.

मी उठले. आयुष्यात चारचौघांत मी आवाज चढवला तो त्या एकाच दिवशी. "सर, तुमचं गणित तुमच्या घरात ठेवा. माझी म्हैस चालली, मालक परत भिंतीकडं तोंड करून पडल्यात. बास करा आता."

सरांनी काय करावं? माफी मागावी, निदान मान खाली घालावी. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "सर्जेराव, थांबू नका. वाजवा."

सर्जेराव बावरून वाजवायला लागला. सर ओठ हलवत ऐकत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला, आणि ते हसायला लागले. माझं दूध गटारीत आणि ह्या माणसाच्या तोंडावर लहान पोराला हरवलेला चेंडू सापडल्यासारखं हसू.

"अक्का, मधनं ऐका. पैल्या ठोक्यापास्नं न्हाई, दुसऱ्या ठोक्यापास्नं धरा. टिक टिक ठाक ठाक, टिक टिक ठाक ठाक. आता सांगा, ठाक ठाक टिक टिक हितं ऐकू येतंय का न्हाई?"

येत होतं. सलग वाजवलं की सर्जेरावाची खूण आणि आमची खूण एकच होती. सुरुवात तेवढी वेगळी.

"दोघांनी एकाच क्षणी सुरू केलं तरच ह्या दोन वेगळ्या," सर म्हणाले. "जन्मभर पोरांना हेच शिकवलं. आधी घड्याळं जुळवा, मग बोला. आणि म्हशीला घड्याळ नसतंय हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

व्यापारी म्हणाला, "पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो घिऊन येतो."

सरांनी सर्जेरावाला नवी खूण काढून दिली. ठाक टिक ठाक टिक. ही कुठूनही ऐका, आमच्या खुणेशी निम्मीच जुळते. मी घरी ताटात दाणे मांडून स्वतः बघितलं, आता माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. जुन्या खुणेबद्दल सर म्हणाले, "तीबी वाईट न्हाई अक्का. कुठनं बी सुरू केली तरी सापडती. टाकून दिऊ नये. कधी तरी उपयोगाला यील." माझ्या डोक्याची शीर उठली. मी किटली उचलून आत गेले.

सर्जेराव अडून बसला. त्याची म्हैस जुन्या खुणेला लागली होती, आता परत कोण शिकवणार? शेवटी सर स्वतः रोज दुपारपासून त्याच्या गोठ्यात जाऊन बसायला लागले. पांढऱ्या शर्टाला शेण, हातांना सरकीचा वास. मी बोलत नव्हते. एके दिवशी काकू माझ्याकडे आल्या, त्याही तापलेल्या. "तुमच्या म्हशींनी घर मोडलं माझं. सूर्य मावळला की ह्यांचं जेवण संपलं, ठाऊक हाय न्हवं? रोज अंधार पडल्यावर येत्यात गोठ्यातनं. ताट वाढून ठेवलेलं तसंच. पाणी सुदीक घेत न्हाईत. विचारलं तर म्हणत्यात, पेपर मी काढला, चूक माझी, पोरगं नापास कशाला."

मी काकूंना दुधाची लोटी भरून दिली. दुसरं काय देणार?

पाडव्याला सर सकाळीच आले आणि हुकूम सोडला. गाडी दत्तूभाऊंनी चालवायची, खूण अक्कांनी वाजवायची. मी म्हटलं, "मी न्हाई बसणार गाडीवर. समदा गाव बघंल." सर म्हणाले, "बघू दे की. ऐकणार एकटीच हाय." मालक तेवढ्यात गाडी पुसायला लागले होते. किती दिवसांनी त्यांनी तिला हात लावला होता. मग मला बसावंच लागलं.

सगुणीची शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ, अंगावर केस कापून काढलेली नक्षी. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्यांचे सायलेन्सर काढलेले, हलगी, घुंगरं, पोरांच्या शिट्ट्या, आणि जो तो आपल्या म्हशीच्या नावानं घसा फोडत होता. सर्जेराव शेजारून त्याची फटफटी नुसतीच रेस करत होता, तेव्हा कडेला उभ्या असलेल्या सरांचा आवाज आला, "सर्जेराव, जवळच्यानं हळू." त्यानं ते ऐकलं हा सरांचा त्या दिवशीचा मोठा चमत्कार. मी पदर डोक्यावरून ओढला, किटली पोटाशी धरली आणि वाजवायला लागले. माझं मलाच ऐकू येत नव्हतं. हाताला ठोका जाणवायचा तेवढाच. माझ्या मनात आलं, एवढ्या कालव्यात ह्या पळीचं कोण ऐकतंय, उद्या टेम्पो येणार.

गाडी निघाली. मालक मागे बघेनात. त्यांची पाठ मात्र ताठ झालेली. मी मागे वळले. आमच्यामागे दोन म्हशी वेगवेगळ्या दिशांना उधळल्या, तिसरी माणसांत घुसली, आणि त्यांच्यामधून सगुणी येत होती. डावी-उजवीकडे न बघता, कान माझ्याकडे केलेले. चाकामागे आली आणि तिथंच राहिली.

मी मालकांना ओरडून सांगितलं, आली. त्यांना कुठलं ऐकू जायला. मग मी त्यांच्या पाठीवर खूण वाजवली. दोनदा तळव्यानं, दोनदा बोटानं. त्यांनी मान हलवली आणि गाडी पळवली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तसा गेला.

आणि सर? रस्त्याच्या कडेला गर्दीत ते उभे होते ते डोळे मिटून. सगळ्या आवाजांतून माझी किटली ऐकू येते का ते बघत होते. ती काही त्यांना ऐकू आली नाही, आणि त्या नादात सगुणी समोरून गेली तीही दिसली नाही. ज्याच्यासाठी इतके दिवस उपाशी झोपले, ते ह्या माणसानं बघितलंच नाही. पुढं कितीतरी दिवस मला छळत होते. "कितव्या ठोक्याला वळली? आधी कान वळले का मान? सर्जेरावाची म्हैस तवा कुठं होती?" मी म्हणायची, डोळे उघडे ठेवायचे होते. ते म्हणायचे, "डोळे उघडले की ऐकायचं ऱ्हातंय अक्का."

मालक परत कट्ट्यावर येऊ लागले. किटली आता तेही वाजवतात. माझ्यापेक्षा चांगली वाजवतात असं सर मला मुद्दाम ऐकवायचे.

सर उन्हाळ्यात गेले. सकाळी दुधाला आले नाहीत म्हणून मी लोटी घेऊन गेले, तर काकू दारात बसलेल्या आणि घर माणसांनी भरत चाललेलं. सगळे एकदम बोलत होते. मी तशीच लोटी घेऊन परत आले.

त्यानंतर सगुणीनं मला नवा ताप दिला. दुपारी म्हशी धुवून आणताना सरांच्या फाटकापाशी ती उभी राहायची. आधीही मी बाकीच्या म्हशी घेऊन पुढे गेले की ही तिथं मागे रेंगाळायची, मी परत येऊन तिच्या खुरात काही खुपतंय का ते कितीदा बघितलं होतं. आता तर हलेचना. मागे रिक्षांची रांग, हॉर्न, लोकांची बोलणी, आणि ही फाटकाकडे तोंड करून उभी. मी किटली वाजवली. एक कान माझ्याकडे केला, एक फाटकाकडे ठेवला, पाय उचलला नाही.

काकू बाहेर आल्या. "तुमाला ठाऊक न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "रोज दुपारी ह्या टायमाला, तुमी पुढं गेला की, हे फाटकाच्या कडीवर वाजवायचे आणि तिला भाकरी घालायचे. अक्काला सांगू नका म्हणायचे."

मला म्हणाले होते, खूण कुणाला सांगायची नाही. आणि स्वतः माझी म्हैस रोज भर रस्त्यात बोलावून घेत होते. मी विचारलं, काय वाजवायचे?

काकूंनी कडी हातात घेतली. त्यांना ते नीट येत नव्हतं. कुठून सुरू करायचं ते आठवेना, म्हणून त्यांनी मधूनच धरलं. टिक ठाक ठाक टिक, टिक ठाक ठाक टिक. सर्जेरावाला देऊन परत घेतलेली तीच खूण, टाकून द्यायची नाही म्हणाले होते ती. सगुणीनं मान लांब करून फाटकावर ठेवली.

तेव्हापासून रोज तसंच चालतं. काकू भाकरीचा तुकडा घेऊन उभ्या असतात, कुठून तरी सुरुवात करतात, आणि सगुणी थांबते. मागे हॉर्न वाजतात. मी खाली बघून उभी राहते. भाकरी खाऊन झाली की किटलीवर ठोकते, मग ती येते. संध्याकाळच्या धारेला मात्र सरांच्यापायी अजून रोज उशीर होतो.